तांजिरोची चौकटींची हाओरी घरी कशी शिवावी

कोयोहारु गोतोगे यांची ‘किमेत्सु नो याइबा’ ही चित्रमालिका २०१६ ते २०२० या काळात जपानी साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे २३ खंड निघाले. युफोटेबल या स्टुडिओने २०१९ पासून तिची ॲनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्र मालिका केली आणि ‘डीमन स्लेयर’ या नावाने ती जगभर पोहोचली. २०२५ च्या सप्टेंबरात तिचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत हिंदी, तमिळ आणि तेलुगू संवादांसह आला. या मालिकेच्या चाहत्यांनी चित्रे काढली, कथा रचल्या, अलंकार घडवले. पण सर्वाधिक हात चालले ते पात्रांच्या वेशभूषेवर, आणि त्यातही नायक कामादो तांजिरो याच्या हिरव्या-काळ्या चौकटींच्या हाओरीवर. हाओरी म्हणजे किमोनो या पारंपरिक जपानी झग्यावर किंवा गणवेशावर घालायचा, पुढून उघडा राहणारा सैल अंगरखा. तो घरच्या साध्या मशीनवर कसा शिवावा, याची कृती येथे दिली आहे.

बाजारात ही हाओरी तयार मिळते. ती बहुधा चकाकणाऱ्या पॉलिएस्टरवर छापलेली असते, आणि शिवणीपाशी चौकोन एकमेकांना जुळत नाहीत. तांजिरो हा डोंगरात कोळसा पाडून विकणाऱ्या गरीब घरातला थोरला मुलगा आहे आणि कथा ताइशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६ च्या जपानमध्ये घडते. त्याच्या अंगावर चकाकी शोभत नाही. सुती कापडाचे तुकडे जोडून केलेली हाओरी त्या पात्राशी अधिक प्रामाणिक राहते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढील सर्व मापे त्याच पद्धतीची आहेत. हिरव्या कापडावर काळ्या रंगाचे चौकोन रंगवण्याचा मार्ग सोपा वाटतो, परंतु इतक्या मोठ्या भागावर रंग बसला की कापड ताठ होते आणि बाहीचा झोल नाहीसा होतो.

आधी नक्षी समजून घ्यावी

मालिकेतील नक्ष्या शोभेपुरत्या काढलेल्या नाहीत. तांजिरोच्या चौकटींना जपानमध्ये ‘इचिमात्सु’ म्हणतात. अठराव्या शतकातील सानोगावा इचिमात्सु या काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी रंगभूमीवरील नटाने हा नमुना रंगमंचावर वापरला आणि एदो (आजचे टोकियो) शहरात तो लोकप्रिय झाला. चौकोन कोठेही न तुटता पसरत जातात, म्हणून तो अखंड भरभराटीचे चिन्ह मानला जातो, आणि टोकियो २०२० ऑलिंपिकच्या बोधचिन्हाचा आधारही हाच नमुना होता. तांजिरोची बहीण नेझुको हिच्या किमोनोवर भांगेच्या जातीच्या एका झाडाच्या पानांची ‘आसानोहा’ नक्षी आहे. ते झाड सरळ आणि झपाट्याने वाढते, म्हणून लहान मुलांच्या कपड्यांवर ती शुभ समजतात. तांजिरोचा सोबती झेनित्सु याच्या अंगावरचे त्रिकोण खवल्यांचे असून ते अनिष्टापासून राखतात असा समज आहे. याच मालिकेतील गियू तोमिओका या योद्ध्याची हाओरी दोन निरनिराळ्या कापडांची आहे, आणि त्यातील प्रत्येक अर्धा भाग त्याने गमावलेल्या एकेका जिवलगाचा आहे. ज्याला हे ठाऊक असते, तो शिवताना मधली जोडरेषा वाकडी जाऊ देत नाही. तांजिरोच्या बाबतीत तेच महत्त्व चौकोनाच्या कोपऱ्यांना आहे: चार चौकोन एका बिंदूत मिळाले पाहिजेत.

कापड आणि मापे

जपानी पारंपरिक वस्त्र सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याच्या लांब कापडातून, जवळजवळ पूर्णपणे सरळ कापांनी तयार होते. खांद्याला शिवण नसते. पुढचा आणि मागचा भाग मिळून एकच लांब पट्टा असतो. बाहीला गोलाई नसते. त्यामुळे नवशिक्याला हा कपडा ब्लाउज किंवा शर्टापेक्षा पुष्कळ सोपा जातो, आणि चौकोनांच्या हिशेबातही तो अचूक बसतो.

चौकोन ४ इंचांचा धरावा. मग अंगाचा प्रत्येक पट्टा ३ चौकोन म्हणजे १२ इंच रुंद, आणि पुढून-मागून मिळून १८ चौकोन म्हणजे ७२ इंच लांब होतो. खांद्यापासून खाली ३६ इंच उतरणारी ही लांबी साधारण ५ फूट ३ इंच ते ५ फूट ७ इंच उंचीच्या व्यक्तीला मांडीपर्यंत येते. असे दोन पट्टे लागतात. बाहीही ३ चौकोन रुंद असते आणि घडी घालण्यापूर्वी १० चौकोन लांब, म्हणजे घातल्यावर ती २० इंच खाली लोंबते. उंच व्यक्तीसाठी पुढे एक आणि मागे एक अशी ओळ वाढवून पट्टा २० ओळींचा करावा. ओळींची संख्या समच राहिली पाहिजे. त्याचे कारण पुढे येईल. लहान मुलासाठी चौकोनांची संख्या तीच ठेवून चौकोन ३ इंचांचा घ्यावा, म्हणजे सगळा हिशेब आपोआप जुळतो.

४४ इंच पन्ह्याचे सुती पॉपलीन हिरवे आणि काळे प्रत्येकी सव्वादोन मीटर, अस्तरासाठी पातळ सुती कापड अडीच मीटर, काळा दोरा आणि १४ नंबरची सुई एवढे साहित्य पुरते. हिरवा रंग निवडताना पानाचा गडद हिरवा टाळावा. तांजिरोचा हिरवा किंचित निळसर आणि थोडा फिका आहे. मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये किंवा पुण्यात लक्ष्मी रोडच्या परिसरात कापड घेताना मालिकेतील चित्र सोबत ठेवावे आणि थान दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहावे. घरी आणल्यावर दोन्ही कापडे वेगवेगळी धुवावीत. सूत आटते, आणि काळे कापड रंग सोडते. काळ्याचे पाणी स्वच्छ येईपर्यंत ते धुतले नाही, तर पुढे पहिल्याच धुण्यात हिरवे चौकोन काळपट होतात.

चौकोन जोडणे

अंग आणि बाह्या मिळून १६८ चौकोन लागतात, ८४ हिरवे आणि ८४ काळे. ते एकेक कापून जोडत बसू नये. गोधडी शिवणाऱ्या बाया लांब पट्ट्या आधी जोडून मग आडव्या कापतात, तसेच येथे करावे. पन्ह्याच्या दिशेने ५ इंच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. ४ इंच चौकोनाचे आणि दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड. हिरव्या १२ आणि काळ्या १२ पट्ट्या कापून झाल्या की त्यांचे तीन-तीन पट्ट्यांचे जोड शिवावेत: चार जोड हिरवी-काळी-हिरवी असे, आणि चार जोड काळी-हिरवी-काळी असे. मग प्रत्येक जोड आडवा ५-५ इंचांवर कापला की त्यातून तीन चौकोनांच्या आठ ओळी निघतात. दोन्ही प्रकारच्या २८-२८ ओळी लागतात, म्हणजे काही ओळी उरतील. त्या चुकलेल्या ओळींच्या बदली उपयोगी पडतात.

टीप मारण्याआधी मशीनच्या पट्टीवर सुईपासून बरोबर अर्ध्या इंचावर चिकटपट्टी लावावी आणि कापडाची कड तिला टेकवूनच चालवावी. हा आग्रह अनाठायी नाही. शिवण केवळ अष्टमांश इंच आत गेली, तर दोन्ही तुकड्यांचे मिळून पाव इंच जाते, आणि १८ ओळींच्या पट्ट्यात १७ शिवणी असल्यामुळे पट्टा सव्वाचार इंचांनी आखूड होतो. पहिला जोड शिवल्यावर त्याची रुंदी मोजावी. ती १३ इंच भरली तरच पुढे जावे.

पट्ट्यांच्या प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री करावी आणि माया नेहमी काळ्या कापडाकडे वळवावी. याचे दोन फायदे आहेत. काळी माया हिरव्या चौकोनातून दिसत नाही, हा पहिला. दुसरा अधिक मोलाचा आहे: दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की काळे चौकोन आळीपाळीने येत असल्यामुळे दोन्हींच्या माया विरुद्ध दिशांना असतात, त्या एकमेकींना अडतात आणि कोपरे बोटांनाच जुळलेले कळतात. त्या प्रत्येक जागी टाचणी लावून, किंवा कच्चा धावदोरा घालून, मगच टीप मारावी.

या रीतीने १८ ओळींचे दोन पट्टे आणि १० ओळींच्या दोन बाह्या तयार करायच्या आहेत. येथे सम संख्येचे महत्त्व कळते. दोन्ही पट्टे अगदी सारखे, एका टोकाला हिरव्या-काळ्या-हिरव्या ओळीने सुरू होणारे शिवावेत. पट्टा सम ओळींचा असल्याने त्याच्या दुसऱ्या टोकाला काळी-हिरवी-काळी ओळ येते. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून एक पट्टा उलट दिशेने फिरवला की मधल्या शिवणीवर चौकोन आपोआप आळीपाळीने बसतात. बाह्यांनाही हेच लागू आहे. शिवण्यापूर्वी चारही भाग जमिनीवर अंथरून एकदा लांबून पाहावे, कारण फिरवायला विसरलेला पट्टा शिवल्यानंतर फार त्रास देतो.

अंग, बाह्या, अस्तर आणि गळपट्टी

दोन्ही पट्टे पाठीच्या मध्यावर खालपासून खांद्यापर्यंत, म्हणजे नऊ ओळी, जोडावेत. पुढचा भाग मोकळा ठेवावा. बाहीची मधली शिवण खांद्याच्या रेषेवर ठेवून ती पुढे तीन आणि मागे तीन चौकोन एवढीच अंगाला जोडावी. खालचे दोन चौकोन अंगापासून सुटे राहतात. त्यांची अंगाकडची बाजू आणि बाहीचा तळ शिवून बंद करावा, मनगटाकडची बाजू पूर्ण उघडी राहते. मग बगलेखालून खालपर्यंत अंगाच्या बाजू शिवाव्यात. खऱ्या हाओरीत येथे एक निमुळती कळी असते; अंगाचा घेर मोठा असेल तर ती घालावी, एरवी ४८ इंचांचा हा घेर पुरेसा सैल आहे.

अस्तर याच आकाराचे, पण अखंड कापडाचे कापावे: १३ इंच रुंद आणि ७३ इंच लांब दोन पट्टे, १३ इंच रुंद आणि ४१ इंच लांब दोन बाह्या. अस्तर टाळू नये. तुकड्यांच्या कापडात आतून शेकडो उघड्या कडा असतात आणि त्या काही धुण्यांत उसवतात. अस्तर आणि बाहेरचे कापड सुलट बाजू समोरासमोर ठेवून फक्त खालच्या कडेला शिवावे, पुढच्या उघड्या भागातून उलटावे, आणि बाह्यांची तोंडे दोन्ही कडा आत दुमडून हातशिलाईने बंद करावीत.

शेवटी गळा. खांद्याच्या रेषेच्या अर्धा इंच पुढे, मध्यापासून दोन्ही बाजूंना ३ इंचांचा आडवा छेद द्यावा. त्या छेदाच्या टोकापासून पुढच्या पट्ट्याच्या खालच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत खडूने सरळ तिरकी रेष आखावी. रेषेपलीकडे अर्धा इंच माया सोडून उरलेला त्रिकोण कापावा. गळपट्टीसाठी ५ इंचांचे हिरवे आणि काळे मिळून २० चौकोन आळीपाळीने जोडावेत, म्हणजे ८० इंचांची पट्टी होते. तिचा मध्य पाठीच्या शिवणीवर टाचून दोन्ही बाजूंनी खाली शिवत जावे, मग ती दुमडून २ इंच रुंद ठेवावी आणि आतली कड बारीक तुरपाईने अस्तराला धरावी. ही तुरपाई मशीनवर करू नये. बाहेरून दिसणारी टीप सगळे कष्ट उणे करते.

सोबतच्या वस्तू आणि वावर

तांजिरोच्या कानातील पत्त्यांसारख्या लोलकांवर सूर्यकिरण आहेत. जाड कागदावर चित्र काढून दोन्ही बाजूंनी पारदर्शक लेप दिला की ते हलके होतात. कोरियात हे किरण जपानी लष्कराच्या जुन्या ध्वजाची वेदनादायक आठवण करून देतात, आणि तेथील आवृत्त्यांत त्यांच्या जागी आडव्या रेषा आल्या आहेत. परदेशात राहणाऱ्या मराठी चाहत्यांनी निरनिराळ्या देशांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात जाताना हे ध्यानात ठेवावे आणि आडव्या रेषांचेच लोलक घालावेत. तलवार दाट फोमची करावी. धातूची किंवा टोकदार वस्तू जवळपास कोणत्याही मेळाव्याच्या दारात अडवली जाते.

जपानमध्ये या छंदाला शिस्तीची मोठी परंपरा आहे. टोकियोत १९७५ पासून भरणाऱ्या कॉमिकेट या चाहत्यांच्या स्वप्रकाशित पुस्तकांच्या मेळाव्यात वेशभूषा करून घरून येण्यास मनाई आहे. कपडे तेथील ठरवलेल्या खोलीत बदलावे लागतात आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेत नाहीत. आपल्याकडेही लोकलच्या गर्दीत तलवार उघडी नेण्यापेक्षा ती पिशवीत ठेवून स्थळी पोहोचल्यावर पेहराव करणे सर्वांच्या सोयीचे आहे.

हाओरी शिवून विकायचा विचार असेल तर एक गोष्ट माहीत असावी. शुएइशा या प्रकाशनसंस्थेने २०२० मध्ये सहा पात्रांच्या नक्ष्यांची व्यापारचिन्हे म्हणून नोंद व्हावी असा अर्ज जपानच्या पेटंट कार्यालयाकडे केला. गियू, शिनोबु आणि रेंगोकु यांच्या नक्ष्या मान्य झाल्या. तांजिरो, नेझुको आणि झेनित्सु यांच्या नक्ष्या सर्वसामान्य पारंपरिक नमुने असल्याच्या कारणावरून नाकारल्या गेल्या. अर्थात हा निर्णय जपानपुरता आहे, आणि मालिकेचे नाव, बोधचिन्ह किंवा पात्राचे चित्र लावून माल विकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. स्वतःसाठी, भावंडांसाठी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी शिवणे हाच या छंदाचा निर्मळ मार्ग आहे.

वापरून झाल्यावर हाओरी थंड पाण्यात हाताने धुवावी, न पिळता सावलीत आडवी वाळत घालावी आणि किंचित ओलसर असतानाच आतून इस्त्री करावी, म्हणजे माया पुन्हा जागेवर बसते. हँगरवर टांगून ठेवल्यास १८ ओळींच्या वजनाने खांदे ताणले जातात. ती शिवणींच्या रेषांवर घडी घालून कपाटात सपाट ठेवावी.