रन गेम अडकलाय? शुक्रवारच्या मॅचआधी ड्रॉची तयारी

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल घेऊन पळायचे डाव (रन) अडकत असतील तर ड्रॉ, म्हणजे पास दाखवून केलेला रन, आठवडाभरात कसा बसवायचा ते बघू. आधी फिल्म. सोमवारी मागच्या दोन-तीन मॅचमधले फक्त रन काढून बघा, आणि बघताना आपला पोरगा कुठे चुकला ते सोडा, त्याला धरतंय कोण आणि कुठे ते बघा, कारण प्रत्येक अडकलेला रन गेम ड्रॉने सुटत नाही. समोरची लाईन (पुढची रांग) स्नॅप झाल्या झाल्या, म्हणजे बॉल मागे दिला की लगेच, आपल्या गार्डच्या (सेंटरच्या शेजारचा लाईनमन) बाजूने घुसून पार मागे येत असेल, किंवा पासच्या वेळी लाईनबॅकर (लाईनच्या मागे उभे असलेले त्यांचे बचाववाले) पटापट मागे सरकत असतील, तर ड्रॉ तुमच्यासाठीच आहे, त्यांची घाईच आपल्याला वापरायचीये. पण नोज टॅकल (त्यांचा मधला लाईनमन) आपल्या सेंटरला, म्हणजे बॉल मागे देणाऱ्याला, ढकलत ढकलत क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) मांडीवर आणून बसवत असेल तर विसरा. ड्रॉमध्ये आपली लाईन मुद्दाम पाऊल मागे घेते, म्हणजे जिथून पळायचंय तिथेच ढीग लागणार.

अमेरिकेत आल्यावर पोरांमुळे हा खेळ शिकलेले आपल्यात बरेच आहेत, त्यांच्यासाठी पटकन: ड्रॉ म्हणजे पास दाखवून केलेला रन. लाईन पासला उभी राहते तशीच उभी राहते, क्वार्टरबॅक मागे जातो, वर बघतो, आणि मग हळूच बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) पोटात देतो. स्लोअर बॉलच समजा, रनअप तोच, हात तोच, बॉल तेवढा उशिरा येतो. सांगतात असं की १९४० च्या दशकात क्लीव्हलँड ब्राउन्सचा ओटो ग्रॅहम पास रशमध्ये (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांत) सापडला आणि त्याने घाईत मॅरियन मॉटलीच्या हातात बॉल कोंबला, रशवाले पुढे निघून गेलेले, समोर मोकळं मैदान, आणि कोच पॉल ब्राउनने त्या गोंधळाचाच डाव करून टाकला.

मग बॉक्स मोजा, म्हणजे समोर लाईनजवळ मधे किती जण उभे आहेत ते. पासच्या डाऊनला (डाऊन म्हणजे एक प्रयत्न, दहा यार्ड काढायला असे चार मिळतात) समोर चार लाईनमन आणि मधे एकच लाईनबॅकर असेल तर त्यांच्या पाचाला आपले पाच लाईनमन, बिनधास्त बोलवा. सहा असतील तर एक जण मोकळा राहतो आणि नेमका तोच धरतो, तेव्हा एक तर फुलबॅक (रनिंग बॅकच्या पुढे वाट मोकळी करणारा) पुढे घालून लीड ड्रॉ करा, नव्वदच्या दशकात डॅलस काउबॉइजचा डॅरिल जॉन्स्टन एमिट स्मिथच्या पुढे जायचा तसा, नाहीतर त्या मोकळ्या माणसाला ब्लॉकच करू नका आणि क्वार्टरबॅकला त्याच्यावर नजर ठेवायला सांगा: तो मागे सरकला तर बॉल द्यायचा, आत आला तर त्याच्या पाठीमागे टाइट एंडला (लाईनच्या टोकाला उभा राहून पास घेणारा) छोटा पास. मात्र ह्या दुसऱ्या प्रकारात पास टाकायच्या आधी लाईनमन पुढे पळाले की फ्लॅग पडतो, म्हणजे दंड. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) एक यार्ड, कॉलेजला तीन यार्ड एवढीच सूट आहे, शाळेच्या लीगचं नियमपुस्तक सोमवारीच उघडून बघा, शुक्रवारी रेफरीशी भांडून काही होत नाही.

मंगळवार आणि बुधवार पूर्ण लाईनला द्या, मी तर म्हणेन रनिंग बॅकपेक्षा दुप्पट वेळ द्या. लाईनबॅकरला शिकवलेलं असतं की गार्डचं हेल्मेट बघ, हेल्मेट खाली म्हणजे रन, वर म्हणजे पास, आणि आपला सगळा डाव त्या वर राहिलेल्या हेल्मेटवर उभा आहे. त्यामुळे गार्डने उतावळेपणाने पुढे उडी मारली की संपलं, तो बिचारा जीव तोडून ब्लॉक करत असतो आणि डाव त्यानेच फोडलेला असतो. पाऊल मागे, हात वर, समोरच्याला बाजू निवडू द्या, आणि ज्या बाजूला तो निघाला त्याच बाजूला त्याला आणखी ढकला, अडवायचं नाही, घालवायचं. टॅकलने (गार्डच्या बाहेरचा आपला लाईनमन) एंडला (त्यांच्या लाईनच्या टोकाचा) बाहेरची वाट मोकळी दाखवायची म्हणजे तो लांबचा वळसा घेतो. सेंटर किंवा जो गार्ड मोकळा राहील त्याने मनात एक पूर्ण आकडा मोजायचा आणि मगच लाईनबॅकरवर जायचं. सरावात ह्याची सोपी परीक्षा आहे, पास आणि ड्रॉ एकामागून एक चालवा आणि बाकीच्या पोरांना बाजूला उभं करून पहिल्या सेकंदात ओळखायला सांगा, त्यांनी बरोबर ओळखलं तर अजून झालेलं नाही.

रनिंग बॅकला थांबायला शिकवणं सगळ्यात अवघड, कारण त्याला आयुष्यभर पळ पळच सांगितलेलं असतं. खांदे सरळ, नजर ब्लिट्झ (लाईनमागचे जास्तीचे लोक धावून येणं) शोधतोय अशी, बॉलसाठी हात आधीच पुढे करायचे नाहीत. बॉल पोटात आला की सेंटरच्या जवळचा रशवाला कुठल्या बाजूने गेला ते बघायचं आणि उलट्या बाजूने सरळ वर, नाचत बसायचं नाही. क्वार्टरबॅकने बॉल छातीशी उंच धरायचा, डोळे लांब रिसीव्हरवर, आणि दिल्यानंतरही मागे जात राहायचं. रिसीव्हर लोक? जोरात खोल पळा, कॉर्नरला (रिसीव्हरवर पहारा ठेवणाऱ्याला) सोबत घेऊन जा, चालत जाऊ नका, बस.

गुरुवारी कॉल शीट, म्हणजे कुठला डाव कधी बोलवायचा तो कागद. इथे एक गोष्ट बऱ्याच टीम विसरतात, आपला पासच खरा वाटला नाही तर ड्रॉला फसणार कोण? त्याच फॉर्मेशनमधून दोन-तीन खरे पास आधी लागले पाहिजेत, निदान पाच-सहा यार्डांचे तरी, नाहीतर समोरचे मागे जाणारच नाहीत. आणि ड्रॉ फक्त थर्ड अँड पंधरासाठी (तिसरा प्रयत्न, पंधरा यार्ड बाकी) राखून ठेवू नका, तो तर हात वर करण्याचा प्रकार झाला, स्टँडमधल्या आज्यांनाही कळतं. फर्स्ट अँड टेन, किंवा पास हुकल्यावर सेकंड अँड टेन, तिथे खरी मजा. मधून ब्लिट्झ आला तर एक तर मागेच आडवे होता नाहीतर समोर कोणीच उरत नाही, तेवढी जोखीम घ्यावी. मॅचमध्ये तीन-चार वेळा पुरे असं मला वाटतं, पण समोरचे बॉक्स रिकामाच ठेवत असतील तर मोजू नका. २७ जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलची फायनल) जायंट्सने बफेलोचे पास थांबवायला पुढे माणसं कमी आणि मागे जास्त ठेवली होती, बफेलोचा रनिंग बॅक थर्मन थॉमसने फक्त १५ कॅरीत (बॉल घेऊन १५ वेळा पळून) १३५ यार्ड काढले आणि तरी बफेलो २०-१९ ने हरलं, त्याला बॉल अजून द्यायला हवा होता ही हळहळ मला आजही पटते.

शेवटची दहा मिनिटं घड्याळासाठी. जानेवारी २०२२ च्या प्लेऑफमध्ये काउबॉइज ४९र्सच्या मागे २३-१७ होते, १४ सेकंद उरलेले, टाइमआउट एकही नाही, आणि त्यांचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटने क्वार्टरबॅक ड्रॉवर (बॉल कोणाला न देता स्वतःच पळून) १७ यार्ड मारले. रन मस्तच, पण बॉल अम्पायरऐवजी सेंटरकडे गेला, अम्पायर मागून धावत येऊन जागेवर ठेवेपर्यंत वेळ संपला. शाळेच्या नियमात फर्स्ट डाऊन मिळाला (दहा यार्ड पूर्ण झाले) की घड्याळ जरा थांबतं, एनएफएलमध्ये थांबत नाही, पण शाळेतही फर्स्ट डाऊन हुकला तर तीच गत. म्हणून एका असिस्टंटला अम्पायर करा, रन संपला की बॉल त्याच्याच हातात द्यायची सवय लावा, आणि टाइमआउट संपले असतील तर शेवटच्या वीस सेकंदांसाठीच्या शीटवरून ड्रॉ सरळ खोडून टाका.