पहिला अंक कसा बांधावा: आखाजीच्या एका दिवसाचं नाटक

पहिल्या अंकात प्रेक्षकाला तीन गोष्टी कळाव्या लागतात: ही माणसं कोण, आज काय बिनसलंय आणि मध्यंतरात चहा पिऊन परत खुर्चीत का बसायचं. नाटकाचा विषय मात्र कुणी बोलून दाखवायचा नसतो. कोण आधी येतं, कोण उभं राहतं, कुणाला उत्तर मिळत नाही, यातूनच तो कळतो. नवे लेखक आधी घटना रचतात आणि मग विषयासाठी एक लांब भाषण घालतात. अंक ढिला पडतो तो बहुतेक वेळा इथेच.

एक नमुना घेऊन पुढे जाऊ. खान्देशातलं, अमळनेर-पारोळ्याकडचं कापसाचं गाव, बाप गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पुण्याला दिलेली सुमन माहेरी आली आहे. घरात माय, मोठा भाऊ नाना, वहिनी आणि जुना सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावरचा शेतगडी, धुडकू. नानाला शेतीवर मोठं कर्ज काढायचंय, त्यासाठी जमिनीतला वाटा सोडल्याचं बहिणीचं हक्कसोड पत्र हवंय.

आधी एका ओळीचा प्रश्न लिहा

पात्रांच्या याद्या करण्याआधी कागदावर एकच ओळ लिहा: ‘सुमन हक्क सोडेल का?’ उत्तर हो किंवा नाही असं येणारा प्रश्न हवा. ‘आजच्या स्त्रीचं स्थान’ हा निबंधाचा मथळा झाला, त्यावर अंक उभा राहत नाही. या ओळीखाली विषयाची दुसरी ओळ लिहा, पण ती स्वतःपुरती ठेवा: माहेरचं प्रेम आणि माहेरचा हक्क एकत्र मागता येतात का? ही ओळ संवादात जशीच्या तशी आली तर तो संवाद खोडा.

आजच का, ते ठरवा

हेच भांडण मागच्या महिन्यात का झालं नाही? या प्रश्नाला उत्तर नसेल तर तणाव धरत नाही. आखाजी निवडण्याचं कारण तेवढंच. खान्देशात या दिवशी लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, आणि सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतं. मुलीचं येणं, मेलेल्या बापाची आठवण आणि कामाचा करार हे सगळं एका दिवसात येतं. लेखकाला जुळवाजुळव करावी लागत नाही.

मुदतही हवी. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, घरात कागदावर सही करून भागत नाही. त्यामुळे ‘उद्या सकाळी तालुक्याला जायचंय’ हे नानाचं एक वाक्य पुरतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हे लेखकाला पक्कं माहीत असावं, पण पात्राच्या तोंडी कलमं घालू नका. वकील पात्र आणण्याचा मोह तर टाळाच.

पहिली दहा मिनिटं

दोन अंकी नाटकाचा पहिला अंक साधारण ५० ते ६० मिनिटांचा धरा. त्यातली पहिली दोन-तीन मिनिटं माहितीच्या दृष्टीने वाया जातात. लोक उशिरा येतात, खुर्च्या वाजतात, पोरं रडतात. खुल्या रंगमंचावर तर जास्तच. त्या वेळात महत्त्वाचं वाक्य ठेवलं की ते गेलंच. तिथे डोळ्यांना दिसेल असं काम द्या: धुडकू झोक्याचा दोर बांधतोय, माय घागर धुतेय, वहिनी सांजोऱ्या तळतेय. तमाशात गण-गवळण आटोपून मग वग सुरू होतो, त्यातही हाच शहाणपणा आहे.

आठ-दहा मिनिटांपर्यंत मुख्य माणसं येऊन गेलेली असावीत आणि पंधराव्या मिनिटाच्या आत कागदाचा विषय निघावा. भरतमुनींच्या परंपरेत नाटकाच्या पहिल्या संधीला, म्हणजे कथेच्या पहिल्या टप्प्याला, मुखसंधी म्हणतात आणि कथेचं बीज तिथेच पडतं. ते विसाव्या मिनिटाला पडलं, तर तोवर प्रेक्षक मोबाइल काढून बसलेला असतो.

माहिती भांडणात घाला

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

‘सुमन, तू माझी धाकटी बहीण. तुझं लग्न होऊन बारा वर्षं झाली. बाबा गेल्यापासून मीच शेती बघतो.’ हे नाना बहिणीला का सांगेल? तिला सगळं ठाऊक आहे. वाक्य प्रेक्षकासाठी आहे हे लगेच उघडं पडतं. तीच माहिती कुणाला तरी टोचेल अशी टाका:

वहिनी: पुण्यात आमरस मिळतो का हो ताई? का बारा वर्षांत सवय मोडली?
सुमन: सवय नाही मोडली. बोलावणं मोडलं.
नाना: यंदा बोलावलं ना?
सुमन: यंदा काम आहे.

चार वाक्यांत लग्नाची वर्षं, ताणलेलं नातं आणि कुणाला काहीतरी हवंय हे कळलं. कसोटी सोपी आहे: वाक्य ऐकून समोरच्या पात्राचं काही बदललं का? नसेल तर ती नुसती माहिती. आणि सगळी माहिती पहिल्या अंकात द्यायचीही नसते. बापाने मरण्याआधी सुमनला काय सांगितलं, हे दुसऱ्या अंकासाठी राखून ठेवा. फक्त बापाचं नाव निघताच मायने उठून आत जावं.

एक वस्तू, तीन वेळा

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचा पहिला अंक यासाठी नीट वाचावा. सुरुवातीलाच सभागृहाच्या दाराची कडी नायिका बेणारेच्या बोटाला लागते आणि गावातला सामंत तिला सांगतो, कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून बंद होतं. तेव्हा ते साधं बोलणं वाटतं. पुढे तिला बाहेर जायचं असतं आणि तीच कडी तिला अडवते. अंक संपतो तो वेळ घालवायला मांडलेल्या खेळातल्या कोर्टाने बेणारेवर केलेल्या आरोपावर, आणि प्रेक्षकाला कळून चुकतं की हा आता खेळ राहिलेला नाही.

आपल्या नमुन्यात ती वस्तू घागर. पहिल्यांदा ती नुसती धुतली जाते. मधे कागदाचं बोलणं चालू असताना ती अर्धवट भरलेली राहते. शेवटी कोण भरतं, हे दिसतं. रंगमंचावर वस्तू जितक्या कमी, तितकी ही एक ठळक. झोका, घागर, कागद, फोटो, बैलजोडीची झूल अशी गर्दी केलीत तर एकही लक्षात राहत नाही. आणि घागर खरी मातीचीच वापरा. प्लॅस्टिकची रंगवलेली घागर ठेवताना होणारा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

अहिराणी कुठे, प्रमाण कुठे

सगळ्यांना अहिराणी आणि पुणेकरणीला प्रमाण, अशी सरळ वाटणी करू नका. भाषा बदलते ती नात्याने. नाना बहिणीशी गोड बोलतो तेव्हा अहिराणी: ‘तू कवय उनी, बहिन?’ (कधी आलीस?) कागद पुढे करताना मात्र कचेरीतलं मराठी. सुमनचं उलट असावं. ती शांतपणे प्रमाण बोलते आणि चिडली की बोली येते: ‘मी परकी शे का?’ अहिराणी फक्त धुडकूच्या तोंडी आणि फक्त हशासाठी ठेवली, तर जळगाव-धुळ्याचा प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत दुरावतो. रावेर-यावलचं गाव घेतलंत तर बोली लेवा असते, तिथे हे संवाद चालणार नाहीत.

मध्यंतराचा पडदा

अंकाच्या शेवटी मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, पण मागे फिरता येणार नाही असं काहीतरी घडवायचं. ‘मी सही करणार नाही!’ असं ओरडून पडदा पाडला तर दुसऱ्या अंकाला काम उरत नाही. त्यापेक्षा धुडकू नव्या सालाची बोली करायला नानापुढे बसलाय, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती यावर घासाघीस चाललीय. सुमन घागर भरून उठते आणि म्हणते, ‘धुडकूभाऊ, यंदानं साल मी ठराई देस.’ ती हक्क मागत नाही, तो बजावून टाकते. धुडकू कुणाकडे बघतो? तो बघेपर्यंत थांबा आणि पडदा.

या शेवटच्या सात-आठ मिनिटांत नवं पात्र आणू नका. सालाची बोली मात्र अंकाच्या मधे एकदा निघून गेलेली असली पाहिजे, नाहीतर हा शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

तपासणी

अंक एकदा मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. हालचाली धरून प्रयोगात साधारण दहा मिनिटं वाढतात, म्हणून वाचन ५० मिनिटांच्या आत बसवा. मग प्रत्येक एन्ट्रीसाठी एक चिठ्ठी करा: कोण आलं, काय हवं होतं, जाताना काय बदललं. तिसरा रकाना कोरा असेल ती एन्ट्री शेजारच्या प्रवेशात जिरवा. शेवटी पात्रांची नावं झाकून कुणाला तरी पानं वाचायला द्या. नाना आणि वहिनी यांच्यात गोंधळ होत असेल, तर वहिनीला अजून स्वतःचं काही हवंसं मिळालेलं नाही. तिला पहिल्या अंकातच काय हवंय ते ठरवा. धाकट्या मुलाची फी चालेल, कर्जातून घ्यायचा ट्रॅक्टरही चालेल.