टर्बो गेला म्हणायच्या आधी कॉम्प्रेशन पाहा (आयटीआय करून नव्यानं गॅरेजात आलेल्या पोट्ट्यांसाठी)

आयटीआयचा मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा अन् मोटर व्हेईकल दोन वर्षांचा, कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावणं दोन्हीकडं शिकवतात, पण इकडं पांढरकवड्याच्या बाजूला गॅरेजात लागलो तं समजलं का गेज पेटीतच राहते अन् अंदाजावर काम चालते. जुनी टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) वाली डिझेल जीप येते, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसलेली, निळा धूर, चढावर दम नाई, अन् काका घरूनच ठरवून आलेले असतात का टर्बो गेला.

पयले इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण खोला, तिथून जोरात फसफस येत असन तं बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलेंडरमधला गॅस पिस्टनच्या रिंगांतून खाली येते. टर्बोतलं ऑइल खाली चेंबरात (इंजिनाच्या बुडाशी ऑइल जमते तिथं) आपल्या वजनानंच उतरते, अन् रिंगांतून गॅस येऊन चेंबरात प्रेशर भरलं का त्याला उतरायला वाटच राहत नाई, मंग ते सीलमधून निघते अन् धूर होते. अशा गाडीत नवा टर्बो टाकला तरी तोबी धूर मारते, कापसाचे पैसे गेले ते गेलेच.

आता गेज. पेट्रोलचं गेज 300 पीएसआयपर्यंतच असते, ते डिझेलला लावू नका, डिझेल साधारण 350 ते 450 देते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधी पाहा. इंजिन गरम, बॅटरी फुल, सगळे हीटर प्लग बाहेर, डिझेल बंद. सेल्फवर टर्बो बूस्ट (जादा हवेचा दाब) देतच नाई, म्हणून आकडा कमी आला तर त्याचा दोष टर्बोवर टाकताच येत नाई. सिलेंडरमधी 10-15 टक्क्यांच्या वर फरक नको. शेजारचे दोन कमी असले तं बहुतेक हेड पॅकिंग, अन् चारही सारखे कमी असले तं इंजिन खोलायच्या आधी सेल्फ हळू फिरते का अन् टायमिंग सरकलं का ते पाहून घ्या.

रिंगा गेल्या का वॉल (व्हॉल्व्ह) ते कळायला सिलेंडरमधी ऑइल टाकून पाहायची पद्धत पेट्रोलला ठीक आहे. डायरेक्ट इंजेक्शन डिझेलच्या पिस्टनला वर खड्डा असते, ऑइल तिथंच बसते, अन् जास्त झालं तं रॉड वाकते. मी तं हीटर प्लगच्या भोकातून सिलेंडरमधी हवाच भरतो, अन् ती कुठून निघते ते ऐकतो. पिस्टन वर, दोन्ही वॉल बंद, टायरवाल्याचा कॉम्प्रेसर, अन् क्रँकवर पान्हा अडकवून ठेवू नका बे, हवेनं इंजिन फिरलं का हात मोडते. एअर फिल्टरकडून आवाज आला तं इनटेक वॉल, सायलेन्सरमधून तं एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून तं रिंगा, रेडिएटरमधी बुडबुडे तं हेड पॅकिंग.

दोष रिंगांचा निघाला तर एअर फिल्टर अन् टर्बोमधला पाइप हातानं दाबून पाहा, कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो चिरलेला लय वेळा सापडते, वरून चिकटपट्टी मारलेली. टर्बोच्या तोंडातल्या पंख्याची पाती घासून पातळ झाली असली तं धूळ सिलेंडरपर्यंत गेलीच समजा. मंग लायनर (सिलेंडरची आतली नळी) मोजल्याशिवाय नुसत्या रिंगा टाकू नका, अन् तो पाइप पयले बदला.