पावसाळी सकाळी लहान मुलांना काळवीट कसे दाखवावे: सोलापूर ते नान्नज

मुलांना प्राणी दाखवायचे म्हटले की पिंजराच डोळ्यासमोर येतो. सोलापूरकरांना त्याची गरज नाही. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, 1979 साली जाहीर झालेले. तिथल्या मोकळ्या माळावर काळवीट चरताना दिसतात. एप्रिलच्या उन्हात पोरांना नेण्यापेक्षा जुलैची ढगाळ सकाळ कितीतरी बरी. एकच अट: ही सहल गाडीत बसून करायची, पायी नाही.

1. वेळ ठरवा

आपल्याकडे वर्षाला साधारण 550 मिलिमीटर पाऊस, त्यातही सप्टेंबरचा वाटा मोठा. दिवसभर धार लागणे क्वचितच. भुरभुर, थांब, परत भुरभुर असेच चालते. ही भुरभुर आपल्या कामाची. भीती आहे ती जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दुपारनंतरच्या विजांची. म्हणून उजाडताच निघा आणि अकराच्या आत परतीला लागा. परवानगी, वेळ आणि शुल्क यांची चौकशी आदल्या दिवशीच वनविभागाकडे करून ठेवा, म्हणजे गेटवर मुलं कंटाळायची नाहीत.

2. पिशवी भरा

छत्री घरीच राहू द्या. वाऱ्यात ती उलटते आणि उघडताना फडफडली की हरणं पळतात. रेनकोट मातकट किंवा हिरवा असावा. भडक पिवळा, लाल नको. प्रत्येक मुलामागे एक सोलापुरी टॉवेल, कपड्यांचा एक जादा जोड आणि गाडीत पायाखाली टाकायला गोणपाट. खायला धपाटे आणि घट्ट दही. शेंगाचटणी मोठ्यांना ठीक, पण तिखट लागलेलं पोर माळावर रडायला लागलं तर काळवीट थांबत नाही. शू घरून करूनच निघायचे, आणि लहानग्याचे डायपर वापरून झाले की पिशवीत बांधून परत आणायचे.

3. रस्ता सोडू नका

माळावर मुरूम असतो, पाणी लगेच निचरते. ओढ्याकाठी आणि शेताच्या कडेला काळी माती. ती भिजली की चाक जागेवरच फिरते आणि चपलेला किलोभर चिकटते. गाडी काळ्या मातीच्या गाडीवाटेवर घालू नका, मग समोर कितीही मोठा कळप दिसो.

रस्ता न सोडण्याचे आणखी एक कारण आहे. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. माळढोकाची मादीही पावसाळ्यात जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. माळढोक आता इतका दुर्मीळ झाला आहे की तो दिसेल अशी आशा मुलांना लावूच नका. नाव मात्र जरूर सांगा. हे अभयारण्य त्याच्यासाठी आहे.

4. थांबा आणि बघा

कळप दिसला की गाडी हळू करत थांबवा, इंजिन बंद करा, काच अर्धीच खाली घ्या. दार उघडू नका. गाडीला हरणं बऱ्यापैकी सरावतात. दोन पायांचा माणूस उतरला की मान वर करतात आणि उसळ्या मारत निघतात. मुलं विचारतील, उतरायचं का नाही? सांगा, आज पिंजऱ्यात आपण आहोत.

मग काम द्या, नुसते बघायला सांगून लहान मूल पाच मिनिटंही टिकत नाही. कळपातला काळा नर कोणता? पिळाची शिंगं कोणाला? तांबूस रंगाच्या बिनशिंगी त्या माद्या, आणि लहान शिंगांचे तपकिरी ते तरुण नर. वय वाढेल तसे ते काळे होत जातात. पाच वर्षांखालच्या मुलांना दुर्बीण जमत नाही, वर्तमानपत्राची सुरळी द्या. नजर एका जागी ठरते, तेवढे पुरते.

हरणं नसतील तेव्हा कान लावा. पावशाचे 'पेर्ते व्हा' मुलांना लगेच ओळखता येते. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातकही पावसाबरोबरच येतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर गेलात तर मखमली लाल मृगाचे किडे दिसतील. ते बघायचे, बाटलीत भरायचे नाहीत. दगड मात्र उलटू देऊ नका, खाली विंचू किंवा फुरसे असू शकते.

परतताना आसपासच्या शेतकऱ्यांशी बोलायची संधी मिळाली तर मुलांना ऐकू द्या. त्यांच्या लेखी काळवीट म्हणजे कोवळे पीक खाणारे जनावर, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही.

5. वीज चमकली तर

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत अंक मोजायला मुलांना शिकवा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. कोणी पाय मोकळे करायला उतरले असेल तर लगेच गाडीत, काचा बंद. उघड्या माळावर एकट्या बाभळीखाली आसरा घेणे सर्वात वाईट. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी उतरायचे नाही. बंद मोटार बऱ्यापैकी सुरक्षित असते. दुचाकीवर ही सहल लहान मुलांना घेऊन करूच नये.

6. घरी आल्यावर

चिखलाचे कपडे ओलेच घासायला घेऊ नका, काळी माती आणखी पसरते. वाळू द्या, ब्रशने झटका, मग भिजवा. बुटांच्या खाचांतली माती जुन्या चमच्याने निघते.