चहाची पानं उलटू नका! इंग्रजी गावरहस्यं वाचताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या खेड्यात घडणाऱ्या खूनकथेची ऐंशी पानं झाली, खून अजून एकच, आणि गावकरी नुसता चहा ढोसतायत, गुलाबांवर बोलतायत. वाचक काय करतो? न वाचताच पानं उलटतो. मीही उलटायचो, आणि खुनी कळला की ‘हा कुठून उपटला?’ म्हणून वैतागायचो. तो त्या उलटलेल्या पानांतच बसलेला असायचा.

अगाथा ख्रिस्तींच्या कादंबऱ्यांतली हौशी गुप्तहेर आजीबाई, मिस मार्पल घ्या. ना बिल्ला, ना प्रयोगशाळा. तिचं भांडवल एकच : तिच्या सेंट मेरी मीड गावातल्या माणसांच्या खोड्या तिला पाठ आहेत. ‘द बॉडी इन द लायब्ररी’मध्ये (१९४२) प्रेताचा विषय चाललेला असताना तिला टॉमी बाँड हा खोडकर पोरगा आठवतो. शाळेतल्या बाई घड्याळाला किल्ली द्यायला गेल्या आणि आतून बेडूक उडी मारून बाहेर आला. आपल्याला वाटतं, आजीबाई भरकटल्या. बिलकुल नाही. तिने असं कुणाचं नाव काढलं की पुस्तक मिटून एक मिनिट विचार करा : त्या माणसाने नेमकं काय केलं होतं, आणि इथे तसंच कोण करतंय? (आणि हो, ही लायब्ररी म्हणजे सार्वजनिक वाचनालय नव्हे, बँट्री दांपत्याच्या बंगल्यातली पुस्तकांची खोली. मी बरीच पानं ग्रंथपालावर संशय घेत होतो.)

दुसरी चूक, साल न बघता वाचणं. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ १९५०चं. गावच्या पेपरात खुनाची जाहिरात येते, वेळ संध्याकाळी साडेसहाची, आणि शेजारीपाजारी उत्सुकतेने हजर होतात. आल्या आल्या एकेक जण म्हणतो, ‘अरे वा, तुमचं हीटिंग सुरू झालं वाटतं!’ आपण ते हवापाण्याच्या गप्पांत टाकून देतो. पण तेव्हा ब्रिटनमध्ये कोळशाचं रेशनिंग होतं, अन्नधान्याचं तर १९५४पर्यंत चाललं. हीटिंग चालू म्हणजे शेकोटी पेटवायची गरज नाही. मग ठरल्या वेळी दिवे जातात तेव्हा खोलीत उजेड कशाचा? युद्धानंतर गावात नवी माणसं येऊन राहिली होती. त्यांची ओळख काय, तर हातातली कागदपत्रं. पूर्वी गावाला प्रत्येकाचं घराणं ठाऊक असायचं, आता नाही. हे डोक्यात नसेल तर त्या कादंबरीतलं निम्मं रहस्य हातातून निसटतं.

किरकोळ एक : ‘इन्क्वेस्ट’ म्हणजे खटला नव्हे. कॉरोनरसमोर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, मृत्यू कसा झाला हे ठरतं, शिक्षा कुणाला होत नाही.

विकत घेताना शीर्षक तपासा. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ अमेरिकेत ‘व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!’ म्हणून निघालं. माझ्याकडे दोन्ही आहेत.

प्रकाशनाच्या क्रमावरही फार विसंबू नका. ‘स्लीपिंग मर्डर’ आलं १९७६मध्ये, ख्रिस्ती गेल्यानंतर, पण लिहून कित्येक वर्षं आधीच ठेवलेलं होतं. म्हणून १९६२च्या ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’मध्ये दिवंगत असलेले कर्नल बँट्री तिथे चांगले जिवंत भेटतात. मी आधी तो मुद्दाम पेरलेला धागा समजून बसलो होतो.