‘जो’ लिहायचा, ‘तो’ गिळायचा

माझं शिक्षण बार्शीत, मराठी माध्यमात. इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आणि तोवर आमची बॅच पुढे निघून गेली होती. दहावीला ‘हू’ किंवा ‘व्हिच’ वापरून दोन वाक्यं जोडायच्या प्रश्नात माझे मार्क कधी गेले नाहीत, त्यामुळे रिलेटिव्ह क्लॉज आपल्याला येतो अशी पक्की समजूत घेऊन मी डिप्लोमानंतर चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला लागले.

तिथे पहिला एट-डी रिपोर्ट लिहिला. ग्राहकाकडून तक्रार आली की कारण शोधून, उपाय ठरवून आठ पायऱ्यांत लिहून द्यायचा तो रिपोर्ट. त्यातलं माझं वाक्य (गेज म्हणजे माप तपासायचं साधन) असं होतं: ‘द ऑपरेटर हू वॉज ऑन नाइट शिफ्ट ही यूज्ड द गेज व्हिच द स्टोअर हॅड रिजेक्टेड इट.’ साहेबांनी त्यातल्या ‘ही’ आणि ‘इट’भोवती लाल गोल काढून कागद परत पाठवला. का, ते काही लिहिलं नाही. मला वाटलं, ऑपरेटरला नुसतं ‘ही’ म्हणणं बरं दिसत नसेल. म्हणून मी तिथे ‘द सेड पर्सन’ टाकलं. पुन्हा गोल. मग ‘दॅट पर्सन’. पुन्हा गोल, आणि या वेळी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते वाक्य वाचून दाखवणं. ती दुपार अजून आठवते. शिकवायचं असेल तर दोन मिनिटं बसून सांगावं. लाल गोलातून कुणी शिकत नाही, घाबरायला तेवढं लागतं.

चूक काय होती, हे कळायला मला जवळजवळ वर्ष गेलं, म्हणून जरा पाल्हाळ लावते. तुम्हाला आधीच कळलं असेल तर दोन परिच्छेद सोडून पुढे जा.

मराठीत ‘जो’ एकटा येत नाही. ज्याच्या हाती ससा, तो पारधी. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. ज्याचं जळतं, त्याला कळतं. ‘जो’ कानावर पडला की कान ‘तो’ची वाट बघत बसतो, आणि तो आला नाही तर वाक्य अर्ध्यात सोडल्यासारखं वाटतं. माझ्या डोक्यात वाक्य होतं, ‘जो ऑपरेटर नाइट शिफ्टला होता, त्याने ते गेज वापरलं, जे स्टोअरने रिजेक्ट केलं होतं.’ त्यातला ‘त्याने’ इमानदारीत ‘ही’ होऊन इंग्रजीत उतरला. इंग्रजीत मात्र ‘तो’ला जागाच नाही. ‘द ऑपरेटर’ हे नाव आधी येतं, ‘हू’चं शेपूट त्याला चिकटतं, आणि शेपूट संपलं की थेट क्रियापद: ‘द ऑपरेटर हू वॉज ऑन नाइट शिफ्ट यूज्ड द गेज.’ शिफ्ट आणि यूज्ड यांच्यामध्ये तुम्हाला एक खड्डा जाणवेल. तो बुजवायला जाऊ नका.

दुसरा गोल, ‘इट’वरचा, जास्त लबाड. ‘हू’नंतरचा ‘ही’ मोठ्याने वाचलं की निदान खटकतो. ‘इट’ वाक्याच्या टोकाला गुपचूप बसून राहतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं काहीसं. ‘द स्टोअर हॅड रिजेक्टेड’ याच्यापुढे खरं तर गेजची जागा. पण गेज ‘व्हिच’ होऊन तिथून उठलंय आणि पुढे येऊन बसलंय. इंग्रजीत मागची सीट रिकामी ठेवायची असते. आपण सवयीने तिथे ‘इट’चा रुमाल टाकतो, म्हणजे एकाच प्रवाशाच्या दोन सीटा. तपासायचं असेल तर क्रियापदाला विचारा: रिजेक्ट काय केलं? गेज. ते ‘व्हिच’च्या रूपात येऊन गेलंय का? गेलंय. मग रुमाल उचला. ‘द फॉर्म व्हिच आय फिल्ड इट’, ‘द मॅन हू आय मेट हिम’, सगळी याच कुळातली मंडळी.

यावर ‘इंग्रजीत विचार करा’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. मलाही तीन जणांनी दिला, आणि तिघेही इंग्लिश मीडियमचे. ज्याला पोहता येत नाही त्याला ‘माशासारखा विचार कर’ म्हणण्यासारखं आहे ते. विचार मराठीतच करा, फक्त मराठीतलं कुठलं वाक्य हाताशी घ्यायचं ते निवडा. मला उपयोगी पडला तो ‘-लेला’. ‘जे गेज स्टोअरने रिजेक्ट केलं होतं ते’ असं मनात न म्हणता ‘स्टोअरने रिजेक्ट केलेलं गेज’ म्हणायचं. यात ‘ते’ नाहीच, तर इंग्रजीत गळणार कुठून? ‘मी काल आणलेलं पुस्तक’ म्हणजे ‘द बुक आय ब्रॉट येस्टरडे’. बघा, ‘व्हिच’सुद्धा लागलं नाही.

पण या शॉर्टकटलाही एक भोक आहे, आणि शॉर्टकट सांगणारे ते कधी सांगत नाहीत. ‘मी बसलेली खुर्ची’ यात ‘वर’ कुठेच दिसत नाही, म्हणून ‘द चेअर आय सॅट’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. इंग्रजीत ‘द चेअर आय सॅट ऑन’ लागतं. ‘मी राहते ती खोली’ म्हणजे ‘द रूम आय लिव्ह इन’. सुटं वाक्य मनात म्हणून बघायचं, मी खुर्चीवर बसले, मी खोलीत राहते, आणि ते ‘वर’, ‘त’ शेवटी नेऊन ठेवायचं. शेवटी ‘ऑन’ किंवा ‘इन’ येणं अशुद्ध असतं असं आम्हाला क्लासमध्ये सांगितलं होतं. खुशाल येऊ द्या.

‘हू’, ‘व्हिच’ कधी गाळायचे, हे सोपं आहे, चटकन सांगते. गाळल्यावर लगेच दुसरा कर्ता आला (‘द बुक आय ब्रॉट’) तर चालतं. लगेच क्रियापद आलं तर चालत नाही. ‘द बॉय केम येस्टरडे इज माय ब्रदर’ हे वाक्य नाही, अपघात आहे.

आता क्रियापद. मराठीत ‘जो आला, जी आली, ज्या आल्या’ असं सर्वनामच लिंग-वचन सांगून टाकतं. इंग्रजीतले ‘हू’ आणि ‘व्हिच’ मुके. एक की अनेक, हे त्यांच्या तोंडावरून कळत नाही, त्यासाठी मागे वळून मूळ नाव बघावं लागतं. मी वळून बघायचे पण सगळ्यात जवळचं नाव धरायचे, आणि तिथेही फसायचे. ‘अ बॉक्स ऑफ बोल्ट्स व्हिच वॉज वेट’ म्हटलं तर खोकं ओलं, ‘व्हिच वेअर रस्टेड’ म्हटलं तर बोल्ट गंजलेले. तुम्ही कशाबद्दल बोलताय ते वाचणाऱ्याला त्या एका ‘वॉज’ किंवा ‘वेअर’वरून कळतं, म्हणून ते अंदाजाने लिहू नका.

इथे मात्र ज्या ‘जो-तो’ने मला मीटिंगमध्ये रडवलं, तोच मदतीला येतो. ‘वन ऑफ द ऑपरेटर्स हू’ याच्यापुढे ‘वर्क’ की ‘वर्क्स’? मराठीत म्हणा: ‘जे ऑपरेटर रात्रपाळी करतात, त्यांतला तो एक.’ ‘जे’ अनेकवचनी, म्हणून ‘वर्क’. किंवा ‘गिव्ह इट टू’ याच्यानंतर ‘हूएव्हर कम्स’ की ‘हूमेव्हर कम्स’? ‘टू’ आला म्हणून ‘हूमेव्हर’ लावणारे भलेभले मी पाहिलेत. मराठीत म्हणा: ‘जो येईल, त्याला दे.’ ‘येईल’शी नातं ‘जो’चं आहे, म्हणून ‘हूएव्हर’. ‘ला’ त्या गिळलेल्या ‘त्याला’चा होता. आपल्याकडे दोन शब्द आहेत म्हणून आपल्याला उकल दिसते; इंग्रजीत एकाच शब्दात दोघं कोंबलेत.

आणि स्वल्पविराम. लाज मला ‘तो’ने आणली, पण महागात हा पडला. १२० ब्रॅकेटच्या (कंस नव्हे, आधाराला लावायचा सुटा भाग) लॉटमध्ये १४ नगांना तडे होते. ते १४ स्क्रॅप केले आणि मी लिहिलं: ‘द ब्रॅकेट्स, व्हिच हॅड क्रॅक्स, वेअर स्क्रॅप्ड.’ दोन स्वल्पविराम मी शोभेला टाकले होते, श्वास घ्यायला जागा असावी म्हणून. ग्राहकाने वाचलं की सगळ्या ब्रॅकेटना तडे होते आणि सगळे स्क्रॅप झाले. संध्याकाळी फोन आला, आमची लाइन उद्या चालणार कशी? स्टोअरमध्ये जाऊन १०६ नग पुन्हा मोजले, फोटो पाठवले, तेव्हा कुठे तो माणूस शांत झाला. स्वल्पविराम नसते तर ‘ज्यांना तडे होते तेवढेच’ असा अर्थ झाला असता. तेव्हापासून मी मनात ‘तेच’ घालून बघते. ‘ज्यांना तडे होते, तेच स्क्रॅप केले’ हे माझ्या म्हणण्याशी जुळलं, तर स्वल्पविराम नाही. ‘तेच’ घातल्यावर वेडगळ वाटलं, जसं ‘माझी जी आई बार्शीला राहते, तीच’, तर स्वल्पविराम हवा, कारण आई एकच आहे. मोबाइलमधलं ग्रामर तपासणारं ॲप या बाबतीत तुम्हाला वाचवणार नाही. तडे किती नगांना होते, हे त्याला कुठून कळणार?

एवढं सगळं वाचून दडपण आलं असेल तर सांगते, मी अजून चुकते. परवाच एका सप्लायरला घाईत मेल केला, ‘द ड्रॉइंग यू सेंट इट इज नॉट ओपनिंग.’ सेंड दाबलं आणि दिसलं, सीटवर रुमाल. दहा मिनिटांत त्याने ड्रॉइंग पुन्हा पाठवलं. ‘इट’बद्दल चकार शब्द नव्हता.