आठव्या मजल्यावरून उतरताना: आधी चुंबकाचा ब्रेक समजून घ्या, मग हूक लावा

मुलीचा फ्लॅट कोल्हापुरातल्या नागाळा पार्कात, आठव्या मजल्यावर. दिवाळीनंतर जावयांनी आगीच्या वेळी बाल्कनीतून खाली उतरायचं यंत्र मागवलं. वर अडकवायची जाडजूड डबी, आत ड्रमवर गुंडाळलेला पट्टा, पट्ट्याच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे बंद होणारा हूक, आणि अंगात घालायचा हार्नेस. ते टेबलावर मांडून मला म्हणाले, "मामा, ह्यात चुंबकाचा ब्रेक आहे म्हणं. पण घासणारं काय दिसतच न्हाई. ह्याच्यावर पोरीला सोडायचं कसं?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "पाव्हणं, चला उद्यमनगरात."

मी एकतीस वर्षं वीजमीटर तपासले आणि जुळवले. उद्यमनगर ही आमच्याकडची कारखान्यांची वस्ती, तिथं पुतण्याच्या वर्कशॉपात माझा एक जुना चकतीचा मीटर पडून आहे. त्याची काच काढली, ब्रेकचं चुंबकही सोडवून बाजूला ठेवलं आणि चकतीला बोटानं टिचकी मारली. चकती गरगर फिरत राहिली. मग चुंबक परत बसवलं. चुंबकाच्या दोन टोकांच्या मधल्या फटीतून चकतीची कड जाते, कुठंही टेकत नाही. पुन्हा टिचकी मारली तर चकती जरा सरकली आणि जागीच मंदावली. जावई वाकून फट बघत राहिले. चकती ॲल्युमिनियमची, तिला चुंबक चिकटत नाही, तरी धरून ठेवल्यासारखी झाली.

गुऱ्हाळावर काकवीत उलथनं फिरवून बघितलं असेल तर हे लगेच कळेल. हळू फिरवलं तर हात हलका लागतो, जोरात फिरवायला गेलं की काकवी अडवते. इथं काकवीचं काम विजेचे भोवरे करतात. चुंबकाच्या क्षेत्रातून धातू सरकला की त्याच्या पोटात गोल गोल प्रवाह उठतात आणि ते ज्या हालचालीनं उठले तिलाच विरोध करतात. हा नियम लेन्झ या शास्त्रज्ञानं १८३४ साली मांडला. फ्रान्सच्या फूको या शास्त्रज्ञानं १८५५ साली तांब्याची चकती चुंबकाच्या टोकांमध्ये फिरवली, तेव्हा ती फिरवायला जड गेली आणि तापली. उतरायच्या यंत्रात हेच आहे. माणसाच्या वजनानं पट्टा ओढला जातो, ड्रम फिरतो, ड्रमबरोबर धातूचा भाग ताकदवान चुंबकांसमोरून जातो आणि वेग आवरला जातो. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. धातू चुंबकाला टेकतच नाही, त्यामुळं ब्रेकचा घासणारा लायनर झिजायचा प्रश्नच नाही.

बाजारात मिळणाऱ्या सगळ्याच यंत्रांत मात्र चुंबक नसतो. बऱ्याच यंत्रांत वेग वाढला की पसरणारे आणि कडेला घासणारे ब्रेक-शू असतात. तेही चालतात, पण घासणारा भाग झिजतो आणि तपासावा लागतो. म्हणून विकणाऱ्याला पहिलं विचारा, "ह्यात घासतं काय?" उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरं दुकान बघा.

आता या ब्रेकचा स्वभाव सांगतो, कारण वापरताना चुका इथंच होतात.

हा ब्रेक तुम्हाला कधीच पूर्ण थांबवत नाही. चकती थांबली की प्रवाह थांबतात, प्रवाह थांबले की विरोध संपतो. त्यामुळं तुम्ही ठरावीक वेगानं जमिनीपर्यंत येतच राहणार, मध्ये लोंबकळत राहायची सोय नाही. युरोपच्या ईएन ३४१ या मानकात आपोआप चालणाऱ्या यंत्राचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर धरला आहे. सेकंदाला एक मीटर वेगानं जमिनीला लागणं म्हणजे पाच सेंटीमीटरवरून उडी मारणं, जेवायच्या पाटावरून खाली उतरल्यासारखं. दोन मीटर वेगाला हेच वीस सेंटीमीटर होतात, म्हणजे जिन्याच्या पायरीपेक्षा थोडं जास्त. गुडघे सैल आणि किंचित वाकलेले ठेवा. पाय ताठ ठेवू नका.

दुसरं, पट्टा ढिला असेल तर ब्रेक नाही. ड्रम फिरेपर्यंत तुम्ही मोकळे पडता. हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. सरावाच्या वेळी पुतण्या बाकावरून उतरला तेव्हा पट्टा मागं व्हाइसच्या, म्हणजे बाकावरच्या पकडीच्या, दांड्यात अडकून आला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानं पाय सोडला, पट्टा दांड्यातून निसटला आणि हा अर्धा मीटर धपकन खाली गेला. मग झटका बसून ब्रेकनं धरलं. कमरेवर वळ उठला. बाल्कनीच्या कठड्यावर असं झालं तर माणूस घाबरून हात घालतो आणि हात भिंतीला आपटतो. म्हणून कठडा ओलांडायच्या आधी हार्नेसमध्ये बसल्यासारखं करून सगळं वजन पट्ट्यावर द्या. पट्टा ताठ होऊन कमरेला ओढ लागली की मगच पाय बाहेर काढा.

तिसरं वजनाचं. साध्या रचनेत वजन दुप्पट झालं की वेगही जवळजवळ दुप्पट होतो. चांगल्या यंत्रात वेग वाढला तसा धातूचा भाग चुंबकाच्या क्षेत्रात आणखी आत सरकतो, म्हणून हलका माणूस आणि जड माणूस यांच्या वेगात फार फरक राहत नाही. पण यालाही मर्यादा आहे. एका ठरावीक वेगापर्यंत विरोध वाढत जातो आणि त्याच्या पुढं गेलं की उलट कमी व्हायला लागतो. प्लेटवर लिहिलेलं जास्तीत जास्त वजन हे त्या कड्यापासून लांब राहण्यासाठी आहे. घाईत दोन माणसं एका हुकाला लावू नका. लहान मूल असेल तर कंपनीचा मुलांचा हार्नेस आधीच घेऊन ठेवा आणि मोठ्या माणसानं मूल सोबत घेऊन उतरायचं असेल तर दोघांचं मिळून वजन मर्यादेत बसतं का ते आज काट्यावर बघा.

उष्णतेचं गणितही करून ठेवा. ऐंशी किलोचा माणूस चोवीस मीटर खाली आला की ८० × ९.८ × २४, म्हणजे साधारण १९ हजार ज्यूल ऊर्जा त्या डबीत उष्णता होऊन उतरते. आतला ॲल्युमिनियमचा भाग अर्धा किलोचा धरला आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असं मानलं, तर तो एका माणसामागं चाळीसेक अंशांनी तापेल. ॲल्युमिनियम तापलं की त्याचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो, एका अंशाला सुमारे ०.४ टक्के, आणि भोवरे कमजोर होतात. चाळीस अंशांना ब्रेक सुमारे सोळा टक्के सैल पडतो, तेवढा पुढचा माणूस थोडा वेगानं उतरतो. म्हणून सगळ्यात जड माणूस आधी, यंत्र थंड असताना. पण घरात मुलं असतील तर खाली त्यांना धरायला एक मोठा माणूस आधी पोचला पाहिजे, हे दोन्ही जमवून क्रम आत्ताच ठरवा. आमच्याकडं जावई पहिले, मग नात, मग मुलगी.

ईएन ३४१ मध्ये ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए वर्गाचं यंत्र एकूण ७५ लाख ज्यूल पेलतं, बी १५ लाख, सी ५ लाख. डी वर्गाचं फक्त एकदा उतरायला असतं, ते सरावात खर्च करू नका. सी वर्गाचं यंत्र आमच्या हिशोबानं सव्वीस वेळा उतरवेल.

आता मुख्य गोष्ट. चुंबकाच्या काळजीत लोक रात्र काढतात आणि यंत्र लावतात बाल्कनीच्या ग्रिलला. यंत्र ज्याला अडकवायचं तो भक्कम आधार म्हणजे अँकर. ग्रिल हा अँकर नाही. विटांचं पॅरापेट नाही, पडद्याच्या रॉडचा खिळा नाही, लोखंडी कपाटाचं हँडल तर नाहीच. अँकर काँक्रीटच्या बीममध्ये किंवा कॉलममध्ये बसला पाहिजे. अँकरचं युरोपचं मानक ईएन ७९५, त्यात धातूच्या अँकरवर १२ किलोन्यूटनची चाचणी आहे, म्हणजे जवळजवळ सव्वा टन वजन लोंबकळल्याइतकी. आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी हातोडीनं ठोकून प्लास्टर कुठं पोकळ आहे ते दाखवलं, प्लास्टर खरवडून बीम उघडा केला आणि मग केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनानं चिकटवलेला बोल्ट, बसवून ओढून बघितला. सोसायटीची लेखी परवानगीही घ्या. बीम सगळ्यांचा आहे.

अँकरची जागा ठरवायच्या आधी बाल्कनीतून खाली बघा. आमची मोठी बाल्कनी हवेशीर, पण बरोबर खाली वीजमंडळाचा डीपी आणि त्याला आलेली अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाइन. त्या लाइनजवळ लोंबकळत जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून अँकर मागच्या छोट्या बाल्कनीत आला. तिथंही सहाव्या मजल्याचा छज्जा जरा बाहेर होता, त्याच्या कडेवर पट्टा घासणार नाही यासाठी बाहेर काढायची दांडी घेतली. एसीची बाहेरची युनिटं, केबलवाल्यांच्या वायरी, खाली लावलेल्या मोटरसायकली, सगळं मोजा. पट्टा जमिनीपर्यंत पोचतो का हे दोरीला वजन बांधून, सोडून बघा. मजल्यांचा आकडा गुणून अंदाज करू नका.

ग्रिलला खिडकी नसेल तर आधी ती करून घ्या. कुलूप असेल तर किल्ली ग्रिलशेजारीच, अंधारात हाताला लागेल अशी. मुलीनं लाल नाडीला बांधून खिळ्याला टांगली आहे. पहिल्या आठवड्यात ती देवघरातल्या डबीत होती, ती मी स्वतः काढून आणली.

सराव आम्ही वर्कशॉपातल्या चार मीटर उंचीच्या गर्डरवर केला, विकणाऱ्यानं पाठवलेला प्रशिक्षित माणूस समोर उभा करून. आधी माणूस नाही, फौंड्रीच्या वाळूचं पोतं. चाळीस किलोचं पोतं सव्वासहा सेकंदांत आलं, ऐंशी किलोचं सव्वाचार सेकंदांत. पोती उतरताना फक्त बारीक गुणगुण आली. आवाज खरखरीत आला किंवा पट्टा अडखळत सुटला तर यंत्र परत पाठवा.

एक धोका उद्यमनगरात काम करणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. यंत्र लेथ किंवा ग्राइंडरजवळ ठेवू नका. मीटर हळू चालतो अशी तक्रार आली की मी पहिलं चुंबकाची फट बघायचो. लोखंडाचा एक कण तिथं शिरला तरी चकती घासायची. यंत्रातली चुंबकं त्याहून कितीतरी ताकदवान, लोखंडाची पूड लांबून ओढतात. डबी झाकलेली असली तरी फटीतून कण शिरतो. शंका आली तर स्वतः उघडू नका, कंपनीकडं पाठवा.

पट्टा उन्हात ठेवू नका, उन्हानं धागा कच्चा होतो. आपल्याकडं आषाढ-श्रावणात भिंती घाम गाळतात, तेव्हा पिशवी उघडून पट्टा सावलीत वाळवा, हुकांवर गंज आहे का बघा. वर्षाच्या सर्व्हिसची तारीख डबीवर लिहिलेली असते. सोसायटीचा अग्निसुरक्षेचा ब फॉर्म जानेवारी आणि जुलैमध्ये भरावा लागतो, त्याच दिवशी शिलाई, हूक आणि अँकरचा नट हातानं तपासा.

आणि आग लागलीच तर आधी जिना. जिना मोकळा असेल तर यंत्राला हात लावायचा नाही. जिन्यात धूर असेल तर दार लावून फटीला ओलं कापड, १०१ किंवा ११२ ला फोन, मग बाल्कनी. बाल्कनीच्या खालून ज्वाळा येत असतील तर तिथून उतरायचं नाही. उतरताना तोंड भिंतीकडं, पाय खांद्याइतके फाकलेले, एक हात भिंतीपासून अंतर राखायला. पट्टा धरून वेग कमी करायला जाऊ नका, हात सोलून निघेल, ते काम चुंबकाचं आहे. खाली पोचलेल्यानं हार्नेस सोडायचा, पट्टा हातातून एकदम न सोडता सावकाश वर जाऊ द्यायचा आणि वर ऐकू जाईल अशी हाक मारायची, "सोडलं!" हाक आल्याशिवाय पुढच्यानं हुकाला हात लावायचा नाही.